सहाशे डिग्रीचा काळा

यावल नाक्याच्या अलीकडे, वजनकाट्याला लागून
माझं दुकान. पाटी नाही.
पाटीच्या जागी एक फुटका सायलेन्सर टांगलाय,
तेवढं पुरतं.

लताबाई सपकाळे पाइप घेऊन आली
गोणपाटात गुंडाळून, काखेत,
आजारी कोंबडं आणावं तसा.
रसवंतीच्या इंजिनाचा, अडीच फूट उभा,
तोंडाशी गंजून चाळण झालेला.
म्हणाली, तोंड कापून नवं जोड. अन् रंग दे भो.
लाल दे.

लाल नाही, म्हटलं.
म्हणजे डबा आहे, फळीवर आहे,
पण दोनशेला तो करपतो,
मग उडदाच्या पापडासारखे फोड धरतो
आणि सुटतो, पडतो
तुझ्याच गिऱ्हाइकाच्या ग्लासात.

मग एकेक खाली काढलं.
चंदेरी: डब्यावर सहाशे लिहिलंय,
तीनशेपर्यंत इमानदार. हात पुसला की बोटं चांदीची.
क्रोम जळगावला पाठवावं लागतं,
येतं नवरदेव होऊन,
आठ दिवसांत वळणावर पिवळं पडतं, मग निळं,
बुलेटवाली पोरं त्यावरच भाळतात.
काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळता येते,
पण तुझ्याकडे रस उडणार, पाणी मुरणार,
वरून पट्टी शाबूत, आत पाइप संपलेला.
सिरॅमिक नाशिकहून, कुरिअरनं.
भाव ऐकून ती हसली:
एवढ्यात त मी इंजिन घेतलं व्हतं.

राहिला काळा. मॅट.

तिनं डबा हातात घेऊन फिरवला.
काया काहीच सांगत नाही भो.
थंडा असो का तापेल, तोंड सारखंच.
मागच्या चैतात बहिणीच्या पोरीनं धरला
खांब समजून.

यावर माझ्याकडे डबा नव्हता.

बाप लोको शेडला होता.
धुराड्याला ग्राफाइट आणि जवसाचं तेल फासायचा,
तेही काळंच.
आगीशी ज्याची रोजची गाठ
त्याला दुसरा रंग धरत नाही, म्हणायचा, आणि तंबाखू मळायचा.
लहानपणी ते फार मोठं वाटायचं.
आता वाटतं, स्टोअरमध्ये दुसरं काही मिळत नसावं.

तोंड कापलं, जोडलं. तारेच्या ब्रशनं घासलं,
मग पॉलिश पेपर, मग थिनर.
आता हात लावू नको, म्हटलं.
तिनं लावलाच,
गुळगुळीत झाला का बघायला.
अंगठा उसाचा, चिकट.
मी पुन्हा पुसलं. पुसलं असं वाटलं.

दुपारी रंग मारता येत नाही आमच्याकडे.
भुसावळचं ऊन शेचाळीसवर गेलं
की रंग कुंचल्यावरच वाळतो,
लोखंडापर्यंत पोचतच नाही.
पहाटे पाचला मारला, पातळ, दोन हात.
आणि एवढं ऊन असून ते त्याला पुरत नाही.
हा रंग वाळतो उन्हात, पिकतो आगीत.
तिला सांगितलं: इंजिन दहा मिनिटं सावकाश चालव, बंद कर,
पार निवू दे. मग वीस मिनिटं. पुन्हा निवू दे.
पहिला धूर रंगाचा असतो, घाबरू नको,
त्या दिवशी रस विकू नको.

उरलेल्या सळईची जाळी केली,
पाइपाभोवती चार बोटं अंतर सोडून.
जाळीला लाल दिला. साधा, गेटाचा.
पैसे फक्त पाइपाचे घेतले,
तरी तिनं वीस रुपये कमीच दिले.

ज्येष्ठात तिकडून जाताना थांबलो.
आलं-लिंबू टाकून एक फुल्ल.
घुंगरं वाजत होती, पाइप उभा, काळा,
कुठे फोड नाही, पापुद्रा नाही.
मनात म्हटलं, जमला.

लताबाईनं चिपाड बाजूला टाकलं,
मला जाळीशी बोलावलं, वाक म्हणाली.
बुडाशी, मागच्या अंगाला
रंग सुटला होता अंगठ्याएवढा,
अगदी अंगठ्याच्याच आकाराचा,
आणि तिथे गंज, ताजा, तांबडा.

पाह्य, म्हणाली,
निघाला ना लाल.